पंडिता रमाबाई : वाकणे आणि न वाकणे

रहाटणीला आमच्या गल्लीत दर शनिवारी आळीपाळीने एकेका घरी प्रार्थनासभा भरते. गेल्या पावसाळ्यात अशाच एका सभेत ख्रिस्ती जीवनातील नम्रता हा विषय होता. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्या प्रसंगावर एक वडीलधारे गृहस्थ बोलत होते. मी मध्येच एक प्रश्न विचारला. उत्तर मिळाले नाही. मुलीच्या जातीने नम्र असावे, एवढे मात्र सर्वांदेखत सुनावण्यात आले. मी फणकाऱ्याने उठले आणि सतरंज्या न आवरताच घरी आले. त्या माझ्या आजीने गोळा केल्या. मला ती एका शब्दानेही बोलली नाही. दिवाळीच्या सुट्टीत मात्र तिने हट्ट धरला, मला केडगावला घेऊन चल म्हणून.

पिंपरीहून लोकलने पुणे आणि पुढे दौंडकडची गाडी. वाटेत मी पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचायला घेतले. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर एक धडा होता, त्यापलीकडे मला त्यांची माहिती नव्हती, हे कबूल करायला हवे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला होता. त्याच आईने रमाबाईंना शिकवले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडे. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. रानातला पाला खाऊन दिवस काढलेली ही मुलगी भावाबरोबर पायी भारत फिरली आणि १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. तेथील विद्वानांनी तिची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. वय अवघे वीस! पुढे भाऊही गेला. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावींशी विवाह, पुढच्या वर्षी मनोरमेचा जन्म, आणि १८८२ मध्ये पटकीने पतीचे निधन. त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला आणि हंटर कमिशनपुढे स्त्रियांसाठी स्त्री-शिक्षक व स्त्री-डॉक्टर हवेत अशी मागणी निर्भयपणे मांडली.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या मठात भगिनींच्या सहवासात राहिल्या आणि २९ सप्टेंबरला मुलीसह बाप्तिस्मा घेतला. माझे खरे कुतूहल इथून सुरू झाले. त्यांची धर्ममाता सिस्टर जेराल्डीन हिच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला आहे. त्यात जेराल्डीनची सततची तक्रार एकच: ही बाई गर्विष्ठ आहे, हिच्यात नम्रता नाही! कारणे तरी पाहा. चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, आणि ती रमाबाईंना मान्य नव्हती. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असे त्यांनी विचारले. मांसाहार त्यांनी केला नाही. चर्चची शिकवण पटल्याशिवाय मान डोलावली नाही. देवापुढे वाकणे वेगळे आणि देवाच्या नावाने बोलणाऱ्या माणसापुढे वाकणे वेगळे, हा भेद त्यांनी कधी सोडला नाही. गाडीत हे वाचताना मला आमच्या शनिवारच्या सभेची आठवण झाली आणि, खोटे कशाला सांगू, मी मनातून सुखावले.

पण हे सुख फार टिकले नाही. पुढे १८८६ ची अमेरिका, १८८७ चे इंग्रजी पुस्तक, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन, ते पुण्याला आले आणि १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादात रानडे, भांडारकरांसारखे आधार दूर झाले. हा सारा काळ बाणेदार आहे. त्यानंतरच्या रमाबाई निराळ्या. १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्यांनी स्वतःच मान्य केले आहे की, बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे त्यांना धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. जगाने पंडिता म्हणून गौरवलेल्या बाईने असे उघड लिहावे!

१८९६–९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या. तिथल्या उपाशी, अंगावर चिंध्या असलेल्या बायकामुलींत त्यांना आपले लहानपण दिसले असेल. शेकडोंना त्यांनी केडगावला आणले. तोच मुक्तिसदनाचा पसारा. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. समाजाने टाकलेल्यांसाठी कृपासदन, अंध मुलींसाठी बार्तमी सदन. विहिरी, शेती, विणकाम, छापखाना, सगळे बायकांच्या हाती.

मला सर्वांत मोठे वाटते ते मात्र बायबलचे काम. मराठी बायबल तेव्हा होतेच. पण त्यातली संस्कृतप्रचुर भाषा मुक्तिसदनातल्या शेतावर राबणाऱ्या बाईला कळत नसे. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळावरून नवे भाषांतर सुरू केले. संस्कृत ही त्यांची आईकडून आलेली मिरासदारी. त्याच संस्कृतावर त्यांना पदव्या मिळाल्या होत्या. नेमके तेच शब्द त्या वेचून बाजूला काढू लागल्या आणि अडाणी बाईच्या तोंडी बसेल ते मराठी शोधू लागल्या. बिशपापुढे न वाकलेली मान इथे वर्षानुवर्षे कागदावर वाकून राहिली. कानांनी साथ सोडली, १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. १९१९ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले, तेही या कामापुढे किरकोळच. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले, मुक्तीच्याच छापखान्यातून, तिथल्याच बायकांच्या हातांनी.

केडगावच्या आवारात आजी बराच वेळ उभी होती. तिला लिहिता येत नाही; अक्षर जुळवून वाचता येते. परतीच्या गाडीत तिने मला त्या दिवशी सभेत मी काय विचारले होते, ते पुन्हा सांगायला लावले. मी पुस्तकी भाषेत सांगितले. तिला कळले नाही. मग दौंडची गाडी हडपसर ओलांडेपर्यंत मी तोच प्रश्न तिला समजेल अशा शब्दांत मांडत होते, आणि तो मलाच पुरता कळला नव्हता असे ध्यानात येत होते.

येत्या शनिवारी सभा आमच्या घरी आहे. प्रश्न मी विचारणारच आहे. सतरंज्या सकाळीच झटकून ठेवल्या आहेत.