ओझे वाटून घेणारी नर्तिका

अमेरिकेतील प्रसिद्ध लोकगायक वुडी गथ्री यांचा तोल जाऊ लागला, बोलणे अडखळू लागले आणि क्षुल्लक कारणावरून ते भडकू लागले, तेव्हा अनेकांनी दोष दारूला दिला. १९५२ मध्ये निदान झाले ते हंटिंग्टन आजाराचे. मेंदूतील पेशी हळूहळू नष्ट करणारा हा आनुवंशिक आजार. त्यात हातपाय आपोआप हलत राहतात, स्वभाव बदलतो, विचारशक्ती क्षीण होते. तो बरा करणारे औषध तेव्हाही नव्हते, आजही नाही. वुडींच्या आईचा शेवटही याच आजाराने मनोरुग्णालयात झाला होता.

त्यांच्या पत्नी मार्जोरी या मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यसमूहातील नर्तिका. दोघांचा विवाह १९४५ चा. चार वर्षांची मुलगी १९४७ मध्ये आगीत दगावली. त्यानंतर तीन मुले झाली. आई-वडिलांपैकी एकाला हंटिंग्टन असेल, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता ५० टक्के असते. त्यामुळे वुडींचे दुखणे पाहताना मार्जोरींना मुलांच्या भविष्याचीही धास्ती होती.

वुडींचे वागणे हिंसक होत गेले आणि १९५३ मध्ये घटस्फोट झाला. वुडींनी पुन्हा लग्न केले. तेही टिकले नाही. १९५६ पासून ते न्यू जर्सीतील ग्रेस्टोन पार्क मनोरुग्णालयात होते. कायद्याने कोणतेच बंधन उरले नसताना मार्जोरींनी त्यांची जबाबदारी पुन्हा स्वीकारली. मुलांना वॉर्डात प्रवेश नव्हता, म्हणून रुग्णालयाच्या आवारातील एका झाडाखाली बाप-लेकरांची भेट होई.

मात्र मार्जोरींनी स्वतःचे आयुष्य थांबवले नाही. ब्रुकलिनमध्ये त्या नृत्यशाळा चालवत. काही काळ दर रविवारी वुडींना एक चाहते दांपत्य आपल्या घरी नेई. तिथे मित्र जमत, गाणी होत. तरुण बॉब डिलनही १९६१ मध्ये तिथे आला होता. ही मदत मार्जोरींनी कमीपणाची मानली नाही. पुढे वुडी ब्रुकलिनच्या रुग्णालयात आले, तेव्हा त्या त्यांना सुट्टीच्या दिवशी घरी आणत. त्यांची वाचा गेल्यावर होय-नाहीच्या खुणांवर संवाद चालू राहिला.

३ ऑक्टोबर १९६७ रोजी वुडी गेले. त्याच वर्षी मार्जोरींनी या आजाराशी झुंजणारी कुटुंबे एकत्र आणून संस्था उभारली. आजाराची लाज वाटून अनेक घरांनी तो दडवून ठेवला होता. आपल्यासारखेच इतरही आहेत, हे कळणे हाच त्यांना पहिला आधार होता. १९७६ मध्ये अमेरिकी संसदेने हंटिंग्टनसाठी आयोग नेमला आणि त्याचे अध्यक्षपद मार्जोरींकडे आले. देशभर सुनावण्या झाल्या. शुश्रूषा करणाऱ्यांची दमछाक, पैशांची ओढाताण आणि एकटेपणा प्रथमच सरकारदरबारी नोंदला गेला.

मार्च १९८३ मध्ये मार्जोरी यांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस या आजाराच्या जनुकाचा माग चौथ्या गुणसूत्रावर लागला. प्रत्यक्ष जनुक १९९३ मध्ये सापडले.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे सगळे एकट्यानेच करायचे, मदत मागणे म्हणजे कर्तव्यात कसूर, असे अनेक घरांत आजही मानले जाते. मार्जोरींनी काम सोडले नाही, मदत नाकारली नाही आणि दुखणे लपवलेही नाही. म्हणूनच त्या इतकी वर्षे वुडींच्या सोबत राहू शकल्या.