विश्लेषण : मद्रासमधून पाच लघुग्रह शोधणारे नॉर्मन पॉग्सन कोण होते?

मंगळ आणि गुरू यांच्यामधील मुख्य पट्ट्याच्या बाहेरच्या भागात ‘८७ सिल्व्हिया’ नावाचा लघुग्रह फिरतो. सूर्यापासून सरासरी ५२ कोटी किलोमीटरवर. एका प्रदक्षिणेला त्याला सुमारे साडेसहा वर्षे लागतात, स्वतःभोवती मात्र तो पाच तासांच्या थोड्या वर वेळात एक फेरी पूर्ण करतो. १६ मे १८६६ रोजी तो मद्रासच्या वेधशाळेतून नॉर्मन पॉग्सन यांना सापडला.

पॉग्सन यांचा जन्म १८२९ चा, इंग्लंडमधील नॉटिंगहॅमचा. ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ वेधशाळेत साहाय्यक असताना १८५६ मध्ये त्यांनी ‘४२ आयसिस’ शोधला. आयसिस हे त्यांच्या मुलीचेही नाव.

मोजपट्टी कुठून आली?

त्याच वर्षी ते ३६ लघुग्रहांच्या तेजाचा तक्ता करत होते. ताऱ्यांना पहिली ते सहावी प्रत देण्याची पद्धत जुनी होती, पण दोन प्रतींमध्ये नेमका फरक किती, यावर एकमत नव्हते. पॉग्सन यांनी सुचवले, की पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर १०० पट फरक मानावा. म्हणजे एका प्रतीला सुमारे २.५१२ पट. (आकडा वाढला की तेज कमी, हा उलटा हिशेब मात्र त्यांनी तसाच ठेवला.) खगोलशास्त्र आजही हेच माप वापरते. दुर्बिणीत लघुग्रह नुसता ठिपका दिसतो. त्याचे अंतर, प्रत आणि पृष्ठभाग किती प्रकाश परावर्तित करतो, एवढे कळले की आकाराचा अंदाज बांधता येतो. सिल्व्हिया जेमतेम पाच टक्के प्रकाश परत पाठवतो, कोळशासारखा काळा. तरीही तो दिसतो, कारण त्याचा सरासरी व्यास सुमारे २७० किलोमीटर आहे.

मद्रासमधील ३० वर्षे

१८६१ मध्ये पॉग्सन मद्रास वेधशाळेचे प्रमुख झाले. १७ एप्रिललाच त्यांना नवा लघुग्रह मिळाला. आशिया खंडातून सापडलेला हा पहिलाच, म्हणून नाव ‘एशिया’. काम सारे डोळ्यांनी. रोज रात्री ताऱ्यांच्या नकाशाशी आकाश ताडून पाहायचे आणि जागा बदलणारा ठिपका हेरायचा. वेधशाळेतील चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये एक रूपविकारी ताराही शोधला.

१८७३ पासून आयसिस वडिलांच्या हाताखाली वेधशाळेत काम करू लागल्या. १८८६ मध्ये पॉग्सन यांनी रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी त्यांचे नाव सुचवले. नियमात स्त्रियांना जागा नव्हती, त्यामुळे ते मागे घ्यावे लागले. जून १८९१ मध्ये पॉग्सन यांचे मद्रासमध्येच निधन झाले. आयसिस यांना सदस्यत्व मिळाले ते १९२० मध्ये.