भिंतीत पक्ष्यांसाठी घरं बांधणारे चार्ल्स वॉटरटन कोण होते?

इंग्लंडच्या ब्रायटन शहरात 2020 पासून 5 मीटरपेक्षा उंच नव्या इमारतींना परवानगी देताना भिंतीत पाकोळ्यांसाठी पोकळ विटा बसवण्याची अट घातली जाते. ही कल्पना मात्र नवी नाही. यॉर्कशायरचे जमीनदार आणि निसर्ग अभ्यासक चार्ल्स वॉटरटन (1782-1865) यांनी 19व्या शतकातच असा प्रयोग केला होता.

नेमकं काय केलं?

1820च्या दशकात त्यांनी वॉल्टन हॉल या आपल्या इस्टेटीभोवती सुमारे 5 किलोमीटर लांबीची उंच भिंत उभारली. चोरटे शिकारी आणि कोल्हे आत येऊ नयेत, हा उद्देश. आवारात बंदूक चालवण्यास बंदी होती. साळुंकीच्या कुळातील स्टार्लिंग पक्ष्यांसाठी त्यांनी भोकं असलेला बुरूज बांधला. नदीकाठच्या मातीत बिळं करणाऱ्या पाणभिंगऱ्यांसाठी बांधकामात नळ्या बसवल्या. शेजारच्या साबण कारखान्याच्या प्रदूषणाविरोधात ते कोर्टातही लढले.

पुढे काय झालं?

वॉटरटन यांच्या निधनानंतर मुलाने इस्टेट विकली, तीही त्याच साबण कारखानदाराच्या कुटुंबाला. मालक बदलला आणि पक्ष्यांचं संरक्षण संपलं. ब्रायटनमध्ये मात्र पक्ष्यांची जागा घरमालकाच्या मर्जीवर सोडलेली नाही. ती बांधकाम परवानगीतच लिहिलेली असते.