पाणवठ्यावरचा जागल्या

केनियातील अ‍ॅबर्डेअरच्या रानात ५ फेब्रुवारी १९५२ च्या रात्री शहात्तर वर्षांचे एक गृहस्थ रायफल घेऊन शिडीच्या माथ्यावर बसले होते. मागे, उंबराच्या कुळातील प्रचंड वृक्षावर बांधलेल्या ‘ट्रीटॉप्स’ या मचाणवजा हॉटेलात इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ उतरली होती. खाली पाणवठा होता. त्या कोरड्या दिवसांत हत्ती, गेंडे तेथे येत. रानात बिबटेही होते. हे जागल्या म्हणजे जिम कॉर्बेट.

२५ जुलै १८७५ रोजी नैनितालला जन्मलेल्या कॉर्बेट यांनी रानाची बाराखडी कालाढुंगीच्या जंगलात गिरवली. उमेदीची वीस वर्षे मोकामा घाटावर रेल्वेचा माल गंगापार करण्यात गेली. १९०७ मध्ये त्यांनी चंपावतची नरभक्षक वाघीण मारली आणि कुमाऊँत त्यांचे नाव घरोघरी पोहोचले.

खरी कसोटी रुद्रप्रयागला लागली. तेथील बिबट्याने आठ वर्षांत १२५ माणसे मारल्याची नोंद होती. १९२५ मध्ये कॉर्बेट यांनी अलकनंदेवरील पुलाच्या बुरुजावर वीस रात्री जागून काढल्या. बिबट्या फिरकला नाही. अखेर २ मे १९२६ रोजी आंब्याच्या झाडावरून त्यांनी त्याला टिपले. तो म्हातारा नर पाहून त्यांना उन्माद चढला नाही. त्याचा अपराध माणसाच्या कायद्यापुरता होता, निसर्गाचा नियम त्याने मोडला नव्हता, असे त्यांनी पुढे नमूद केले.

हळूहळू बंदुकीपेक्षा कॅमेरा त्यांना जवळचा वाटू लागला. वाघांची चलच्चित्रे घेताना यंत्राची घरघर लपावी म्हणून त्यांनी ओढ्यावर चिमुकले बांध घातले. पाण्याच्या खळखळाटात ती विरून जाई. १९३६ च्या हेली राष्ट्रीय उद्यानाच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. तेच आजचे कॉर्बेट उद्यान.

१९४७ च्या अखेरीस बहीण मॅगीसह ते केनियातील न्येरीला स्थायिक झाले. त्या फेब्रुवारीत राजकन्येने दुपारनंतर पाणवठ्यावरची श्वापदे न्याहाळली; रात्र कॉर्बेट यांनी राखली. त्याच रात्री इंग्लंडमध्ये राजे सहावे जॉर्ज निवर्तले आणि झाडावर चढलेली राजकन्या राणी होऊन उतरली.

१९५४ मध्ये माऊ माऊ बंडात ट्रीटॉप्स जळाले. १९ एप्रिल १९५५ रोजी कॉर्बेट न्येरीतच निवर्तले. त्या रात्रीची हकिकत सांगणारे त्यांचे पुस्तक त्यानंतर प्रसिद्ध झाले. रुद्रप्रयागच्या आंब्यावरची चिकाटी त्यातही दिसते. फरक एवढाच, की येथे पाण्यावर आलेल्या जनावरांवर गोळी झाडली जात नाही.