भोवळ कानातून येते, हे सांगणारे मेनियर

घर गरगर फिरतं, कानात घूं घूं होतं, ओकाऱ्या येतात. एकोणिसाव्या शतकातले डॉक्टर याला मेंदूत रक्त दाटल्याचं लक्षण समजत आणि जळवा लावून रक्त काढत. रोगी आणखीच खंगे.

1799 मध्ये फ्रान्समधल्या अँजे इथे जन्मलेले प्रॉस्पर मेनियर 1838 पासून पॅरिसच्या कर्णबधिरांच्या संस्थेत वैद्य होते. कानाचे रोगी रोजचे. भोवळ येणाऱ्यांचं ऐकणंही कमी होतं, लकवा मात्र होत नाही, हे त्यांनी हेरलं. अचानक बहिरी होऊन भोवळीने आजारी पडलेल्या एका मुलीच्या शवविच्छेदनात मेंदू धड निघाला. बिघाड आंतरकर्णात होता. जानेवारी 1861 मध्ये त्यांनी हे वैद्यक अकादमीपुढे मांडलं. स्वागत थंडच झालं. फेब्रुवारी 1862 मध्ये ते वारले.

आंतरकर्णातल्या नाजूक पडद्यांच्या नळ्या आतला द्रव साचून फुगतात, हे कळायला 1938 उजाडलं. ब्रिटनमध्ये हॉलपाइक-केर्न्स आणि जपानमध्ये यामाकावा यांनी ते दाखवलं.

वाशीम-कारंज्याकडेही भोवळ म्हटली की आधी बीपी आठवतो. सोबत एका कानाने कमी ऐकू येत असेल, तर कानाच्या डॉक्टरांची चिठ्ठी हवी. तिच्यावर मीठ कमी करायला सांगून ‘मेनियर्स’ लिहिलेलं असेल, तर ते यांचंच नाव.