डिचपल्लीच्या केरबाई

हैदराबादहून नांदेड-परभणीकडे जाणाऱ्या गाडीने आपल्यापैकी पुष्कळजण सुटीत गावी जातात. निजामाबादच्या थोडे अलीकडे डिचपल्ली नावाचे लहानसे स्टेशन लागते. एके काळी या गावाचे नाव कुष्ठरोगाच्या डॉक्टरांना दूरदूर माहीत होते. त्याला कारण झाली एक स्कॉटिश बाई आणि एक कडू तेल.

डॉ. इझाबेल केर, माहेरच्या गन, यांचा जन्म 1875 साली स्कॉटलंडमध्ये झाला. स्त्री-डॉक्टर तिकडेही विरळाच असण्याच्या त्या काळात त्यांनी अ‍ॅबर्डीन विद्यापीठाची वैद्यकाची पदवी मिळविली. जॉर्ज केर या धर्मोपदेशकाशी 1903 साली त्यांचा विवाह झाला. 1907 साली हे दांपत्य वेस्लियन मेथॉडिस्ट मिशनतर्फे निजामाच्या राज्यात आले आणि पुढे निजामाबादेस राहू लागले.

बाईंकडे सर्व तऱ्हेचे रोगी येत. परंतु महारोगी दारात आला की वैद्यकाची विद्या थिटी पडे. कुष्ठरोगाला त्या वेळी महारोग म्हणत. ज्याला तो जडला त्याचे घर सुटे, गाव सुटे, आणि वेशीबाहेर भीक मागणे तेवढे हाती राही. 1911 साली बाईंनी या लोकांसाठी निजामाबादेत वेगळे काम सुरू केले. लवकरच जागा पुरेना. तेव्हा राजा नरसा गौड या धनिक हिंदू गृहस्थांनी मोठी देणगी दिली व 1915 साली डिचपल्लीचे व्हिक्टोरिया रुग्णालय उभे राहिले. मिशनरी म्हटला की धर्मांतराची शंका आपल्याकडे येतेच, आणि मिशनचा तो हेतू नव्हता असेही नाही. पण नरसा गौडांनी रोग्याकडे पाहिले, ही गोष्ट मला मोठी वाटते.

आता तेलाविषयी. तेल म्हटले की आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना बेगम बाजारातला भाव आठवतो. हे तेल मात्र खाण्याचे नव्हे. पश्चिम घाटात कडू कवठ नावाचे झाड होते. आपल्या अंकाच्या कन्नड विभागाचे वाचक त्याला गरुडफळ म्हणतील. सुश्रुताने कुष्ठावर सांगितलेला, पश्चिम समुद्राकाठी वाढणारा तुवरक तो हाच, असे मानतात. इंग्रजीत या तेलाला हिड्नोकार्पस तेल म्हणतात. ब्रह्मदेशाकडचे चालमोगरा तेल त्याच्याच जातीचे. नेहमीच्या तेलातील स्निग्धाम्लांचे रेणू सरळ साखळीसारखे असतात. या तेलांतील खास आम्लांच्या साखळीच्या टोकाला पाच कार्बनांचे कडे असते. कुष्ठाच्या जंतूंना ही आम्ले मारक ठरतात असे तेव्हाच्या शास्त्रज्ञांचे मत होते.

अडचण होती ती तेल शरीरात घालण्याची. प्यावे तर मळमळून उलटी होई, टोचावे तर ते घट्ट, आणि जागा सुजून ठणके. हवाई बेटांत अ‍ॅलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने या आम्लांपासून सहज टोचता येईल असे पातळ द्रव्य केले. ती 1916 साली अवघ्या चोविसाव्या वर्षी वारली आणि श्रेय काही काळ दुसऱ्यानेच घेतले. कलकत्त्यात रॉजर्स आणि म्युर हे डॉक्टर याच खटपटीत होते. म्युर यांची पद्धत केरबाईंनी डिचपल्लीत आणली. सुया महिनोन् महिने घ्याव्या लागत व त्या दुखतही. तरी रोगी येत राहिले, कारण रोग लवकर ओळखला तर चट्टे फिकट होत आणि काहीजण घरी परतत. रुग्णालयातून रोगी घरी जातो ही गोष्टच तोवर कोणी ऐकली नव्हती. 1923 साली केर पतिपत्नींना कैसर-ए-हिंद पदक मिळाले.

12 जानेवारी 1932 रोजी बाई डिचपल्लीतच अचानक वारल्या. जॉर्ज केर 1938 पर्यंत तेथे काम करीत राहिले.

तेलाने रोग मुळातून जाई की नुसता दबे, याबद्दल डॉक्टरांत अखेरपर्यंत वाद होता. डिचपल्लीतच काम केलेले डॉ. जॉन लो पुढे नायजेरियात गेले आणि डॅप्सोनच्या गोळ्यांनी रोग हटतो हे दाखविणाऱ्यांत त्यांचे नाव आले. स्वस्त गोळी आल्यावर दुखरी सुई कोण घेणार? तेल मागे पडले. 1981 साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचविली व आता रोग पुरता बरा होतो.

स्निग्धाम्लांचा विषय मात्र संपलेला नाही. युरोपात जनावरांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात प्रतिजैविके घालण्यावर 2006 पासून बंदी आहे. तेव्हापासून खोबरेल तेलातील लॉरिक आम्लासारखी द्रव्ये कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात घालून जंतू आवरता येतील का, याचे प्रयोग जोरात आहेत. आमच्या हैदराबादच्या आसपास कुक्कुटपालन मोठे आहे. राजेंद्रनगरला त्याची केंद्रीय संशोधन संस्थाही आहे.

डिचपल्लीचे रुग्णालय अजून आहे. गाडी तेथून जाते तेव्हा खिडकीबाहेर पाहावे.