डॉक्टर रॉबर्ट कॉख

जर्मनी देशात हार्ट्‌झ नावाचे डोंगर आहेत. त्यांतील क्लाउस्टाल या खाणींच्या गावी ११ डिसेंबर १८४३ रोजी रॉबर्ट कॉख यांचा जन्म झाला. वडील खाणखात्यात अंमलदार होते आणि घरात तेरा मुले होती. रॉबर्ट पाच वर्षांचा असता वर्तमानपत्र पुढ्यात घेऊन आपले आपणच वाचावयास शिकला, असे सांगतात. ग्योटिंगेन येथील विद्यापीठात वैद्यकाचा अभ्यास करून १८६६ साली तो डॉक्टर झाला, व त्याच वर्षी हांबुर्ग शहराच्या इस्पितळात काम करीत असता त्याने पटकीचे रोगी पाहिले. या शहराचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पुढे व्होल्श्टाइन या लहानशा गावी ते सरकारी डॉक्टर झाले. दिवसा रोगी तपासावयाचे आणि उरल्या वेळात घरातच सूक्ष्मदर्शक यंत्र घेऊन बसावयाचे, असा त्यांचा क्रम असे. मोठी प्रयोगशाळा नाही, मदतीस विद्वान मंडळी नाहीत. अशा स्थितीत गुरामेंढरांस होणारा फाशी नावाचा रोग एका विशिष्ट जंतूपासूनच होतो, हे त्यांनी १८७६ साली सिद्ध केले. २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू सापडल्याचे त्यांनी बर्लिन येथे जाहीर केले, तेव्हा त्यांचे नाव सर्व जगभर झाले.

१८८३ साली मिसर देशात पटकीची साथ आली. जर्मनीने कॉख यांस तिकडे पाठविले. फ्रान्सनेही आपली माणसे पाठविली. या दोन देशांत तेरा वर्षांपूर्वी युद्ध होऊन गेले होते व त्या युद्धात कॉख स्वतः लष्करी डॉक्टर होते. फ्रेंचांपैकी तुइये नावाचा तरुण अलेक्सांद्रिया येथे त्याच रोगाने मरण पावला. त्याच्या प्रेतयात्रेस हे जर्मन लोक गेले व त्यांनी शोक केला. नंतर कॉख कलकत्त्यास आले. येथे एका तळ्यावर लोक स्नान करीत, कपडे धूत आणि तेच पाणी पीत. पटकीने मेलेल्याचे कपडेही त्यात धुतले गेले होते. १८८४ साली त्या पाण्यात कॉख यांस स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू आढळला. रोग्यांच्या आतड्यांत सापडला होता तोच हा. पाचिनी नावाच्या एका इटालियन वैद्याने हा जंतू १८५४ सालीच पाहिला होता, परंतु त्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते. जगाची रीत अशीच आहे.

१८९० साली मात्र कॉख यांनी घाई केली. ट्युबरक्युलिन नावाचे औषध क्षयावर गुणकारी आहे असे त्यांनी प्रसिद्ध केले, व ते कशाचे बनविले हे प्रथम सांगितले नाही. हजारो रोगी आशेने धावले आणि निराश झाले. पुढे ते द्रव्य क्षयाची परीक्षा करण्याच्या कामी उपयोगी पडले, औषध म्हणून नव्हे.

आता हांबुर्गची गोष्ट. १८९२ च्या ऑगस्ट महिन्यात तेथे पटकी आली व काही आठवड्यांत सुमारे ८,६०० माणसे दगावली. हांबुर्ग शहर एल्ब नदीचे पाणी न गाळता नळांत सोडीत असे. त्याला लागूनच आल्टोना हे दुसरे शहर होते. आल्टोना तर हांबुर्गच्या खालच्या अंगास, म्हणजे अधिक घाण झालेले पाणी उचलीत असे, परंतु ते वाळूतून गाळून घेई. रोग आल्टोनाच्या शिवेपाशी थांबला. शिवेवरील रस्त्याच्या एका बाजूस माणसे मरत होती व दुसऱ्या बाजूची घरे सुखरूप होती. हवा तीच, जमीन तीच, नदीही तीच. हांबुर्गच्या हद्दीतील एका चाळीस आल्टोनाचे पाणी मिळत असे. ती चाळही वाचली. वाळूच्या वरच्या अंगास जो बुळबुळीत पापुद्रा धरतो, तोच जंतूंस अडवितो, असे कॉख यांनी दाखविले. पुढच्याच हिवाळ्यात थंडीने आल्टोनाच्या एका गाळणीत बिघाड झाला आणि तेथेही थोडे रोगी झाले. गाळलेल्या पाण्याच्या एका घन सेंटिमीटरात शंभराहून अधिक जंतू नसावेत, असे माप त्यांनी घालून दिले.

हे माप मोठ्या उपयोगाचे ठरले, परंतु ते अपुरे होते. १८९६ च्या अखेरीस गुरांची बुळकांडी पाहण्यास कॉख दक्षिण आफ्रिकेत गेले. त्यांनी पुष्कळ शोधले, पण तिचा जंतू त्यांस सापडला नाही. तेथूनच ते १८९७ साली प्लेगच्या कामासाठी मुंबईस आले. १८९८ साली त्यांचे शिष्य लोफ्लर आणि सहकारी फ्रोश यांनी लाळ्या-खुरकुताची लस, म्हणजे फोडांतील पाणी, अति बारीक गाळणीतून गाळले. कोणताही जंतू तीतून पार होत नसे. तरी त्या पाण्याने गुरांस रोग झाला. यांस आपण हल्ली विषाणू म्हणतो. बुळकांडीही विषाणूचीच होती. ती २०११ साली जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले.

विषाणू जिवंत पेशीवाचून वाढत नाही. म्हणून कॉख यांच्या पद्धतीने काचेच्या थाळीत जंतू मोजले, तर तो मोजणीत येत नाही. याचा दाखला दिल्लीस मिळाला. १८९२ मध्ये हांबुर्गचे पाणी न गाळलेले होते. १९५५ च्या अखेरीस दिल्लीचे पाणी गाळलेले व क्लोरीन घातलेले होते. यमुनेचे पात्र सरकल्याने वझिराबाद येथे पाणी उचलण्याच्या जागी गटाराचे पाणी शिरले. अधिकाऱ्यांनी क्लोरीन वाढविले. विषमज्वर किंवा हगवण यांची साथ आली नाही, म्हणजे जंतू मेले होते. परंतु काही आठवड्यांनी सुमारे २९,००० लोकांस कावीळ झाली, आणि गरोदर स्त्रियांवर तिचा घाला विशेष पडला. राखून ठेवलेले रक्तजल पुण्याच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह तपासले, आणि ही कावीळ तोवर माहीत असलेल्या प्रकारांतील नव्हे, असे १९८० साली प्रसिद्ध झाले. हल्ली तिला हेपटायटिस ई म्हणतात. पाणी गढूळ असले म्हणजे क्लोरीन त्या गाळातच खर्च होते व घाणीच्या कणांत दडलेला विषाणू वाचतो. म्हणून विहिरीत पावडर टाकली म्हणजे झाले, असे समजू नये. पाणी आधी निवळलेले असावे, पावडरीस निदान अर्धा तास द्यावा, आणि साथीत पिण्याचे पाणी खळखळून उकळावे. उकळी आल्यावर एक मिनिटात जंतू मरतात व विषाणूही टिकत नाहीत.

कॉख यांस १९०५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. २७ मे १९१० रोजी बाडेन-बाडेन येथे हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. त्यांच्या अस्थी बर्लिन येथील त्यांच्याच संस्थेत ठेविल्या आहेत. त्या संस्थेस त्यांचे नाव असून तेथे आज विषाणूंचाही अभ्यास चालतो.